पेट्रोलवर ठपका ठेवण्याआधी कोड वाचा

पंपावरून गाडी निघाली, थोड्या वेळानं डॅशबोर्डवर चेक इंजिनची लाइट लागली, की पेट्रोल खराब. यावल तालुक्यात हा समज आता इतका पक्का झाला आहे की पुढं कोणी काही विचारतच नाही. चहाच्या टपरीवर, केळीची गाडी भरताना, लग्नाच्या मांडवात हा निकाल तोंडी लागतो आणि दोन दिवसांत त्या पंपाचं नाव गावोगाव होतं. निकालासोबत सल्लेही ठरलेले असतात. टाकीचं झाकण नीट लावलं नसशील, घट्ट कर. नाहीतर बॅटरीचं टर्मिनल दहा मिनिटं काढून ठेव, लाइट जाते. नाहीतर काहीच करू नको, सेन्सरचं नाटक आहे, चालव बिनधास्त. हा निकाल चूक आहे आणि हे तिन्ही सल्ले गाडीमालकाचं नुकसान करणारे आहेत. त्यातून खऱ्या भेसळखोराचं मात्र फावतं, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

मी पंपवाल्यांची वकिली करायला बसलेलो नाही. आपल्या भागात इंधनावर संशय घेणाऱ्याला वेड्यात काढायचा अधिकार कोणालाच नाही. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. खानदेशातल्या पंपांवर येणारे टँकर तिथं भरतात. जानेवारी २०२४ मध्ये टँकरचालकांनी संप केला, पानेवाडीतून गाड्या निघेनात, तेव्हा दोन दिवसांत आपल्याकडं पंपांवर रांगा लागल्या होत्या, ते सगळ्यांना आठवत असेल. त्याच पानेवाडीच्या परिसरात २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी टँकरमधून चाललेली तेलचोरी आणि भेसळ पकडली, आणि त्या टोळीनं त्यांना भरदिवसा पेटवून दिलं. त्याआधी १९ नोव्हेंबर २००५ ला उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरीला इंडियन ऑइलचा तरुण विक्री अधिकारी मंजुनाथ षण्मुगम याला गोळ्या घालून मारलं. भेसळ करणारा पंप सील केला, एवढाच त्याचा गुन्हा. तेव्हा इंधनातली भेसळ ही अफवा नव्हे. तिच्यापायी माणसं मेली आहेत.

पण त्या दोघांनी काय केलं, तेही बघा. ते जागेवर गेले, डोळ्यांनी पाहिलं, मंजुनाथनं तर सील ठोकलं. भेसळ पकडली जाते ती अशी. टपरीवर पंपाचं नाव घेऊन भेसळखोराचं काहीच बिघडत नाही. उलट रोज दहा जण खोटं ओरडत असले की अकराव्याची खरी तक्रारही पुरवठा शाखेत कोणी मनावर घेत नाही.

आता लाइटकडं येऊ. पेट्रोल भरल्यानंतर लागली म्हणजे पेट्रोलमुळं लागली, हे पटतं, कारण तसं घडताना आपण पाहिलेलं असतं. पण ही लाइट कधी लावायची, याचा गाडीच्या ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा, स्वतःचा नियम असतो. बहुतेक दोष पहिल्यांदा दिसला की ईसीयू लाइट लावत नाही. गुपचूप नोंद करून ठेवतो. गाडी बंद होऊन पुन्हा चालू झाली, चालली, आणि तोच दोष पुन्हा दिसला, की मग लाइट लागते. आता यावलहून भुसावळला निघालेल्या गाडीचा विचार करा. घरून निघाल्यावर वाटेत दोष एकदा नोंदला गेला. पंपावर गाडी बंद केली, पेट्रोल भरलं, चावी फिरवली. ईसीयूच्या हिशेबी ही दुसरी फेरी सुरू झाली. पुढं पाच-सात किलोमीटरवर दोष पक्का झाला आणि लाइट पेटली. यात नव्या पेट्रोलचा काही संबंध नाही. पंपावर पेट्रोल न भरता नुसता चहा पिऊन निघाला असता, तरी लाइट तिथंच लागली असती.

त्यात आपला उन्हाळा आहे. मे महिन्यात भुसावळ-यावल पट्ट्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढं जातो. तापलेलं इंजिन पंपावर पाच मिनिटं बंद ठेवलं की पंख्याचा आणि रस्त्यावरच्या वाऱ्याचा गारवा जातो, आणि बॉनेटखालचं तापमान उतरायच्या ऐवजी आणखी चढतं. कमजोर झालेली इग्निशन कॉइल किंवा मरायला टेकलेला सेन्सर अशा गरम स्टार्टलाच दगा देतो. पंप ही गाडी थांबण्याची जागा आहे, म्हणून दोष बऱ्याचदा तिथून निघाल्यावर उघडा पडतो.

दुसरा पुरावा लोक देतात तो असा: ती टाकी संपली, दुसऱ्या पंपावर भरलं, तर लाइट आपोआप गेली! मग आणखी काय पाहिजे? पण लाइट जाण्याचाही नियम आहे. लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की ईसीयू ती विझवतो. ढिला कनेक्टर, ओल धरलेला प्लग, अधूनमधून हवा ओढणारा पाइप, असले दोष येतात-जातात. टाकी संपायला आठवडा लागतो. त्या आठवड्यात तीन चांगल्या फेऱ्या कधीच होऊन गेलेल्या असतात. आणि लाइट गेली तरी कोड आत राहतो. इंजिन चाळीसेक वेळा गार होऊन पुन्हा तापेपर्यंत ती नोंद पुसली जात नाही. म्हणजे लाइट विझल्यावरही, खरं काय झालं ते विचारायला वेळ असतो. आपणच विचारत नाही.

विचारायचं कसं, ते एका गाडीवरून सांगतो. फैजपूरकडचा एक शेतकरी आपली २०१८ सालची छोटी पेट्रोल गाडी घेऊन ओळखीच्या गॅरेजला आला होता. आल्या आल्या म्हणाला, “भाऊ, पेट्रोल टाकलं अन् लाइट लागली. मले दुसरं काही सांगू नका, त्या पंपात पाणी आहे.” मिस्त्रीनं वाद घातला नाही. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात स्कॅनर लावला. कोड आला पी ०१७१: मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. बहुतेक गॅरेजांत काम इथंच थांबतं आणि “पेट्रोल हलकं आहे” असं सांगून इंजेक्टर साफ करायचं बिल होतं. या मिस्त्रीनं पुढचं पान उघडलं, फ्रीझ फ्रेम. दोष पक्का झाला त्या क्षणी गाडीची अवस्था काय होती, ते ईसीयू जसंच्या तसं साठवून ठेवतो. त्यात होतं: वेग शून्य, इंजिन पूर्ण तापलेलं, आयडलवर, आणि ईसीयू नेहमीपेक्षा एकवीस टक्के जास्त पेट्रोल सोडतोय. म्हणजे गाडी उभी असताना दोष लागला होता.

मग त्यानं गाडी चालू केली आणि अ‍ॅक्सिलेटर दाबून इंजिन अडीच हजारांवर धरलं. स्क्रीनवरचा एकवीसचा आकडा उतरत उतरत पाचावर आला. सोडलं की पुन्हा एकवीस. निदान इथंच झालं. पेट्रोलच खराब असतं, किंवा गाडीतला फ्युएल पंप कमी दाब देत असता, तर जोर लावल्यावर तूट वाढली असती, निदान तेवढीच राहिली असती. आयडलला मोठी आणि रेसवर नाहीशी होणारी तूट म्हणजे इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढतंय: आयडलला आत येणारी एकूण हवाच थोडी, त्यात ही चोरटी हवा डोईजड होते, रेसवर एकूण हवा इतकी वाढते की ती जाणवत नाही. थ्रॉटल बॉडीच्या मागं क्रँककेसमधून येणारा रबरी पाइप उन्हानं आणि तेलानं कडक होऊन खालच्या बाजूनं फाटला होता. वरून पाहिलं तर धडधाकट. मिस्त्रीनं चिरेवर बोट दाबलं आणि आयडलचा आवाज लगेच बदलला. तो पाइप दोन पेट्रोल भरण्यांमध्ये फाटलेला नव्हता, किती महिने फाटत आला होता कोणास ठाऊक.

आता याच गाडीचं टर्मिनल काढलं असतं तर? लाइट गेली असती. सोबत कोड गेला असता, फ्रीझ फ्रेम गेली असती आणि ईसीयूनं महिनोनमहिने शिकलेला मिश्रणाचा हिशेबही गेला असता. चार-आठ दिवसांनी पाइप पुन्हा हवा ओढत राहून लाइट परत लागली असती, आणि तोवर पंप बदललेला असल्यामुळं दुसरा पंपही चोर ठरला असता. टर्मिनल काढणं ही दुरुस्ती नाही, ते पुरावा जाळणं आहे. जो मिस्त्री स्कॅनर लावून कोड न लिहिता थेट ‘इरेज’ मारतो, तोही तेच करतो आणि वर त्याचे तीनशे रुपये घेतो. कोड पुसायचा तो दुरुस्ती झाल्यावर, दुरुस्ती बरोबर झाली का ते तपासायला.

झाकणाच्या सल्ल्याचं मूळ अमेरिकेत आहे. तिथं १९९६ पासून गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीनं आपले दोष स्वतः तपासायची व्यवस्था, सक्तीची आहे आणि टाकीतली वाफ कुठं बारीक छिद्रातूनही गळते का, हे गाडीनं स्वतः तपासावं असा नियम आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रापर्यंत. म्हणून तिथं पेट्रोल भरून झाकण ढिलं राहिलं तर खरोखर लाइट लागते. तिथले व्हिडिओ इथं पाहून आपण तोच मंत्र म्हणू लागलो. पण भारतानं मार्ग धरला तो युरोपचा. आपलं बीएस-४ असो की १ एप्रिल २०२० पासूनचं बीएस-६, नियमांचा साचा युरोपीय आहे. त्या साच्यात वाफ ओढणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हची वायर तुटली नाही ना, एवढं गाडीनं पाहिलं तरी पुरतं. टाकीची गळती मोजायची सक्ती नाही. त्यामुळं आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्यांना झाकण ढिलं आहे हे कळतच नाही. झाकण घट्ट लावावंच, धूळ आणि पाणी आत जाऊ नये म्हणून. पण लाइट लागल्यावर झाकण पिळून “बघू दोन दिवस” म्हणत बसणं म्हणजे दुसऱ्या देशातल्या गाडीचं औषध आपल्या गाडीला देणं.

पेट्रोल भरण्याशी ज्याचा खरोखर संबंध आहे असा एक दोष मात्र आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडं कोणी बोलत नाही. पंपावर “फुल्ल कर” म्हटलं की काय होतं? नोझल एकदा खट् आवाज करून बंद होतो. मीटरवर असतात अठराशे त्रेचाळीस रुपये. पोरगा नोझल थोडा वर ओढतो आणि थेंब थेंब सोडत अठराशे पन्नास करतो. काही ठिकाणी एकोणीसशे. आपणच त्याला राउंड फिगर करायला सांगतो. टाकीच्या वरच्या बाजूला जी मोकळी जागा ठेवलेली असते ती वाफेसाठी आणि पेट्रोल फुगण्यासाठी. जमिनीखालच्या टाकीतून आलेलं गार पेट्रोल आपल्या उन्हात तासाभरात तापतं आणि फुगतं. जागा उरलेली नसेल तर वाफेऐवजी चक्क पेट्रोल कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये शिरतं. तो डबा वाफ शोषायला केलेला आहे, पेट्रोल प्यायला नव्हे. तिथून पर्ज व्हॉल्व्हवाटे ते इंजिनात ओढलं जातं, मिश्रण गच्च होतं आणि कोड येतो पी ०१७२. व्हॉल्व्ह उघडाच अडकला, तर लक्षण अगदी ठरलेलं: एरवी गाडी पहिल्या सेल्फला लागते, पण पेट्रोल भरल्यावर मात्र दोन-तीन सेल्फ मारावे लागतात, अ‍ॅक्सिलेटर दाबावा लागतो, काही सेकंद इंजिन थरथरतं. हे दिसलं की लोक सगळ्यात आधी पेट्रोलला शिव्या देतात. त्यात भर म्हणून दर मे महिन्यात “टाकी फुल्ल केली तर स्फोट होतो” असा निरोप इंडियन ऑइलच्या नावानं फिरतो. तो खोटा आहे हे कंपनीनं स्वतः जाहीर केलं आहे. खट् झाल्यावर थांबावं, एवढाच खरा नियम; स्फोटाच्या भीतीनं नव्हे, कॅनिस्टरसाठी.

इथं ई-२० चा मुद्दा येणारच. तो टाळायची माझी इच्छा नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल काही पंपांवर सुरू झालं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडचं नेहमीचं पेट्रोल होऊन बसलं. “लाइट लागते ती इथेनॉलमुळंच” असं एक बाजू म्हणते; “इथेनॉलनं काहीही होत नाही” असं सरकारी बाजू म्हणते. दोन्ही बाजू हिशेब करत नाहीत.

तर हिशेब करू. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. ई-१० ला ती १४.१ च्या आसपास आणि ई-२० ला १३.५ च्या आसपास येते. म्हणजे ई-१० वर चालणाऱ्या गाडीत ई-२० टाकलं की तेवढ्याच हवेला चारेक टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. ऑक्सिजन सेन्सर ते सांगतो आणि ईसीयू सोडतो. अशी भर घालायची त्याची मुभा गाडीगणिक कमी-जास्त, साधारण पंचवीस टक्क्यांपर्यंत असते. ब्राझीलमध्ये २००३ पासूनच्या फ्लेक्स गाड्या याच तत्त्वावर कमी-जास्त इथेनॉल ओळखून घेतात. तेव्हा निरोगी गाडीला चार टक्के म्हणजे काही नाही. तिची लाइट एवढ्यानं लागत नाही. पण जिच्या फाटक्या पाइपामुळं, मळलेल्या हवेच्या सेन्सरमुळं किंवा थकलेल्या फ्युएल पंपामुळं आधीच बावीस टक्के भरून काढावे लागत आहेत, तिला हे चार जड जातात आणि मर्यादा ओलांडली जाते. तिची लाइट ई-२० भरल्यानंतर लागते हे खरं. दोष मात्र आधीपासून होता. इथेनॉलला शिव्या देऊन पाइप जोडला जाणार नाही.

एवढं सांगितल्यावर सरकारी बाजूलाही सोडून चालणार नाही. अ‍ॅव्हरेज किंचितच घटतं, असं सांगितलं गेलं. पण जून २०२१ च्या सरकारच्याच इथेनॉल आराखड्यात लिहिलं आहे की मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ई-२० वर सहा ते सात टक्के घटू शकतं. ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्यांचं एक-दोन टक्के. त्याच आराखड्यात ई-२० सोसणाऱ्या सुट्या भागांच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून आणि ई-२० ला जुळवलेली इंजिनं एप्रिल २०२५ पासून, असा क्रम धरला होता. मग २०१२ ची गाडी वापरणाऱ्यानं काय करायचं? त्याच्या गाडीतले रबरी पाइप आणि सील हळूहळू खाल्ले जाण्याची शक्यता कोणी मोजून त्याला सांगितली? इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली आणि विषय कायद्यापुरता मिटला. इथेनॉल शेतकऱ्याच्या भल्याचं, असं सांगतात. आमच्या तालुक्यात इथेनॉलसाठी लागणारा मका पिकवणारा शेतकरी आणि पंधरा वर्षांची जुनी गाडी ओढणारा शेतकरी हा एकच माणूस आहे. मक्याला भाव मिळाला म्हणून त्यानं गाडीचा खर्च मुकाट सोसावा, हे मला मान्य नाही. पण त्याची ही तक्रार टिकायची असेल तर तीही आकड्यांवर उभी करावी लागेल. ई-२० आधी इंधनाची भर किती टक्के होती, नंतर किती झाली, पाइप कशानं फुगला. “लाइट लागली” एवढ्यावर ती टिकणार नाही.

खराब इंधन खरोखर कसं दिसतं, ते आपल्या शेजारीच जून २०२५ च्या अखेरीस दिसलं. मध्य प्रदेशात रतलामला मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या एकोणीस गाड्यांत रात्री एकाच पंपावर डिझेल भरलं आणि थोड्याच अंतरावर त्या एकामागोमाग बंद पडल्या. टाक्या उघडल्या तर डिझेलमध्ये पाणी. पंप सील झाला. नीट पाहा: अनेक गाड्या, एकच पंप, एकच वेळ, काही किलोमीटरांत थेट बंद, आणि टाकी उघडून डोळ्यांना दिसणारा पुरावा. पाणी असलेलं इंधन आठवडाभर थांबून, पिकअप व्यवस्थित असताना, नुसती पिवळी लाइट लावत नाही. गाडी झटके मारते, मिसिंग करते, बंद पडते. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असल्यानं थोडं पाणी त्यात विरघळून जातं; मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि गाडीतल्या फ्युएल पंपाची जाळी तळाशीच असते. पावसाळ्यात असं होऊ शकतं. रॉकेलची भेसळ वेगळी दिसते: चढावर, ओझ्याला इंजिन ठोके देतं, धूर येतो, प्लग काळे पडतात. आणि डिझेलच्या पिकअप गाड्यांत फिल्टरमधल्या पाण्याची खूण बऱ्याचदा वेगळीच असते, थेंबाच्या चित्राची. तिला चेक इंजिन समजून दोन्हींची गल्लत करणारे ड्रायव्हर कमी नाहीत.

“सेन्सरचं नाटक आहे, चालव” म्हणणाऱ्यांना एकच सांगणं आहे. लाइट स्थिर पेटलेली असेल तर सावकाश गॅरेज गाठता येतं. लुकलुकत असेल, तर इंजिन मिसफायर होतंय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय. गाडी लगेच बाजूला घ्यायची. एका प्लगच्या किंवा कॉइलच्या पैशात जे सुटलं असतं, त्यासाठी हजारो रुपयांचा कन्व्हर्टर घालवायचा, याला बिनधास्तपणा म्हणत नाहीत.

संशय पंपावरच असेल, तर पंपावर जाऊन विचारायचे हक्क आहेत आणि ते वापरायला पैसे पडत नाहीत. फिल्टर पेपर मागा. तो द्यावाच लागतो. नोझलच्या तोंडाचा एक थेंब त्यावर टाका. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडतं. पाच लिटरचं शिक्क्याचं माप मागा. पंचवीस मिलिलिटरपेक्षा जास्त तूट आली तर तिथंच वैधमापन विभागाकडं तक्रार करा. घनता विचारा, पण विचारण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर उगाच भांडण होतं. फलकावरची घनता १५ अंशांची असते. मे महिन्यात चाळीस अंशांच्या पेट्रोलमध्ये हायड्रोमीटर बुडवला तर आकडा वीसेक अंकांनी कमी दिसणारच, कारण तापलेलं पेट्रोल फुगतं. तापमानाच्या तक्त्यावरून तो १५ अंशांवर आणायचा, आणि मग टँकरच्या चलनावरच्या आकड्याशी तीनपेक्षा जास्त फरक पडला तर बोलायचं. तक्ता पंपावर असतो. तो दाखवायला जो पंपवाला टाळाटाळ करतो, त्याच्यावर संशय घ्यायला मला पुरेसं कारण मिळालं.

आणि या सगळ्यात ज्याचं नाव कधी निघत नाही, तो तिसरा पक्ष म्हणजे सर्व्हिस सेंटर. वॉरंटीतली गाडी घेऊन ग्राहक जातो आणि काउंटरवरच म्हणतो, “पेट्रोल खराब होतं वाटतं.” त्यानं स्वतःच्या हातानं दार बंद केलं. जॉबकार्डावर ‘इंधनातील भेसळ’ असं लिहिलं जातं, आणि इंधनामुळं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. सदोष इंजेक्टर, सदोष पर्ज व्हॉल्व्ह, सदोष सेन्सर सगळं त्या एका शब्दाखाली झाकलं जातं. सर्व्हिस सेंटरला विचारा: नमुना कोणत्या प्रयोगशाळेत तपासला? अहवाल कुठं आहे? टाकीतून काढलेलं पेट्रोल माझ्यासमोर सील केलं का? अहवाल नसेल तर तो शब्द जॉबकार्डावरून काढायला लावा. आणि आपल्या बाजूनं फक्त लक्षण सांगा: केव्हा लागली, आयडलला की चढावर, स्टार्टिंगला त्रास झाला का. निदान त्यांनी करायचं आहे, आणि छापील कोडसह करायचं आहे. ग्राहक आयोगात उभं राहायची वेळ आलीच, तर तो कागद आणि पेट्रोलची पावती एवढंच तुमच्या बाजूनं बोलेल.

माझी मागणी साधी आहे आणि तालुक्याच्या पातळीवर पुरी होण्यासारखी आहे. पीयूसी केंद्रावर आज पेट्रोल गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजून प्रमाणपत्र दिलं जातं. डॅशबोर्डवर लाइट जळत असली तरी तिच्याकडं कोणी पाहत नाही. कारच्या सॉकेटला लावायचा साधा स्कॅनर हजारेक रुपयांत मिळतो. प्रत्येक पीयूसी केंद्रानं तो ठेवावा आणि ठरलेल्या थोड्या पैशांत कोड, फ्रीझ फ्रेम, किलोमीटर आणि तारीख असलेला कागद छापून द्यावा. कोड पुसायची परवानगी मात्र त्याला नसावी. गाडीमालकानं त्या कागदाला पेट्रोलची पावती जोडावी. एकाच पंपाच्या, एकाच दिवसाच्या, सारख्या कोडच्या तीन-चार जोड्या जमल्या तर तहसीलच्या पुरवठा शाखेनं त्या दिवशीच पंपाच्या टाकीचा नमुना घ्यायला माणूस पाठवावा, आणि अहवाल काय आला ते पंपाच्या फलकावर, घनतेच्या आकड्याशेजारी लावायला लावावं.